तळपायांची आग कमी झाली, आता काय?

घणसोलीहून एका ताईंनी विचारलं आहे: बाबा ६१ वर्षांचे, १२ वर्षांपासून डायबेटिस, मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू. दोन वर्षांपासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतात आणि रात्री आग होते, मध्यंतरी पांघरूणसुद्धा पायाला सहन होत नव्हतं. कमरेच्या एमआरआयमध्ये 'एल४-एल५ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकली आहे' असं आलं, त्यावरून एकांनी ऑपरेशन सुचवलं. मालिशवाल्यानं नस दबली आहे असं सांगून सहा बैठका केल्या. बी-१२ची इंजेक्शनं झाली. गेल्या तीन-चार महिन्यांत आग बरीच कमी झाली, पण चालताना गादीवर चालल्यासारखं वाटतं म्हणतात. नस बरी होतेय असं समजायचं का? आणि ऑपरेशनचं काय करायचं?

ताई, एवढ्या लांब मजकुरात मला खटकलं ते 'गादीवर चालल्यासारखं' हे. आग कमी होण्याची कारणं दोन असू शकतात. नस सुधारली, म्हणून आग कमी झाली. किंवा नस इतकी गेली की आग होतेय हे मेंदूला कळवायलाच कुणी उरलं नाही. रुग्णाला दोन्ही वेळा बरंच वाटतं. घरचे पेढे वाटायच्या मूडमध्ये येतात. फरक कळतो तो पाय तपासल्यावरच. तो रिपोर्टात नसतो आणि फोनवरून मलाही सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ शुगरचे कागद दाखवायला आले. तीन हात नाक्यापासून चालत आले होते, 'फिरणं झालं' म्हणून खूश होते. मी सवयीनं मोजे काढायला सांगितले. डाव्या मोज्याला रुपयाच्या नाण्याएवढा ओला डाग. चप्पल उलटी केली तर तळातून एक बारीक खिळा आरपार वर आलेला, आणि बरोबर त्या जागी तळपायाला भोक. किती दिवस ते चालत होते कोण जाणे, त्यांना काही पत्ताच नव्हता. दोन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ पायांची आग होते म्हणून झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन आले होते. नंतर ती तक्रार बंद झाली, आणि मीही त्या वेळी पुरेसं खोदून विचारलं नाही. ती चूक माझी. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक डायबेटिसच्या रुग्णाचे मोजे निघतात, मग बाहेर कितीही गर्दी असो.

तुम्ही आजच घरी एक साधी तपासणी करा. बाबांना पलंगावर झोपवा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीच्या टोकानं त्यांच्या एकेका बोटाच्या टोकाला अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, चोळायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागा. स्पर्श झाला की त्यांनी 'हो' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी 'हो' आलं नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं समजा. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ही पद्धत घरच्या माणसांसाठीच रुळवली. माझी एक भर: मधूनच हात न लावता थांबा. बरीच मंडळी अंदाजानं 'हो, हो' म्हणत जातात. नापास व्हायचं कुणालाच आवडत नाही, अगदी स्वतःच्या पायाच्या परीक्षेतसुद्धा.

दवाखान्यात आम्ही हेच जरा मोजून-मापून करतो. १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा असतो, तो वाकेपर्यंत तळपायाला टेकवायचा. १२८ हर्ट्झचा कंपन-चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा आणि कंपन कधी थांबलं ते विचारायचं. टाचेच्या वरच्या स्नायूबंधावर हातोडी मारून पाय झटका देतो का ते बघायचं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. या तपासणीला यंत्र लागत नाही, म्हणून कदाचित ती फारशी कुणाला महत्त्वाची वाटत नाही.

आता 'नस' या शब्दाबद्दल थोडं, कारण अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे शीर म्हणजे नस, स्नायूबंध म्हणजे नस, आणि मेंदूपासून पायापर्यंत निरोप नेणारी वायर म्हणजेही नसच. पोटरीत गोळा आला की 'नसेवर नस चढली', पायावर निळ्या शिरा फुगल्या की 'नसा फुगल्या'. आपण बोलतोय ते फक्त वायरीबद्दल, म्हणजे मज्जातंतूबद्दल. मालिश स्नायूंना सुखावते, मज्जातंतूवर तिचा काही परिणाम नाही. ज्या पायाला जाणवतच नाही त्या पायावर कुणी अंगठ्यानं जोर लावला, तर कातडी सोलवटली तरी बाबा 'बरं वाटतंय' असंच म्हणतील. आणखी बैठका नकोत.

डायबेटिसमध्ये आधी सगळ्यात लांब मज्जातंतू खराब होतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जवळजवळ मीटरभर लांबीची ही तार, तिचं टोक पहिलं कोमेजतं. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून, एकाच वेळी, सारखी. मग मोजा घातल्यासारखा बधिरपणा वर चढत जातो. गुडघ्याच्या आसपास पोचला की हाताच्या बोटांना सुरुवात होते, हातमोजा घातल्यासारखी. कमरेत गादी सरकून मज्जातंतूचं मूळ दबलं असेल तर चित्र सहसा वेगळं असतं: बहुतेक वेळा एकाच पायात, कमरेपासून विजेसारखी चमक खाली उतरते, खोकलं-शिंकलं की वाढते आणि ठरावीक पट्ट्यात जाते. कमरेच्या पाचव्या मुळाचा पट्टा पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूनं अंगठ्याकडे, त्याखालच्या मुळाचा टाचेकडे आणि करंगळीकडे.

तुमच्या बाबांचे दोन्ही तळपाय, सारखे, बोटांपासून. ही कहाणी गादीची वाटत नाही. एमआरआयमध्ये गादी दिसली, मान्य. पण काहीही तक्रार नसलेल्या साठीच्या लोकांचा एमआरआय काढला तर निम्म्याहून जास्त जणांची गादी बाहेर आलेली दिसते. केस पांढरे होतात तशी ती होते. आधी माणूस तपासायचा आणि मग फोटो बघायचा, हा क्रम उलटा झाला की ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते. ऑपरेशनचा निर्णय आत्ता बाजूला ठेवा. अपवाद एकच, तो पुढे सांगतो.

एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, तुम्हीही बाबांना विचारा. चप्पल पायातून निसटते का? हो म्हणाले, तर पुढचा प्रश्न: निसटलेली कळते, की मागून कुणीतरी 'काका, चप्पल!' म्हणून हाक मारतं तेव्हा कळतं? कळूनही निसटत असेल तर पाऊल उचलणारा स्नायू कमजोर आहे. न कळता निसटत असेल तर संवेदना गेली आहे. फुकटात होणारा हा एवढा नेमका प्रश्न मला दुसरा माहीत नाही. दुसरं विचारा की तोंड धुताना डोळे मिटले की बेसिनवर तोल जातो का, रात्री अंधारात बाथरूमला जाताना भिंतीचा आधार लागतो का. पाऊल कुठे आहे हे पायाकडून कळेनासं झालं की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो, आणि डोळे मिटले की झुलतो.

आता कारणाकडे. डायबेटिस आहे म्हणून सगळं डायबेटिसवर ढकलून मोकळं होऊ नका. तुमच्या बाबांच्या बाबतीत माझा दुसरा संशय बी-१२वर आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२चं शोषण कमी होऊ शकतं. त्यात शाकाहार असेल, दूध-दही बेताचं असेल, जोडीला ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तर आणखीच. बी-१२च्या कमतरतेत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवरही परिणाम होतो, आणि गादीवर चालल्यासारखं वाटणं हे त्याचंही लक्षण आहे. याबद्दल माझी जुनी कुरकूर अशी की आपल्याकडे आधी इंजेक्शन देतात आणि मग तपासणी करतात. मग रक्तातला आकडा छान वर आलेला दिसतो आणि मुळात कमतरता होती की नाही हे कायमचं गुलदस्त्यात राहतं. बाबांच्या इंजेक्शनांआधीचा एखादा रिपोर्ट असेल तर तो शोधा. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की. २०० ते ३०० ही संशयाची पट्टी, तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड ही रक्ततपासणी करून बघता येते. कमतरता खरी असेल तर पाच-सहा इंजेक्शनांनी काम संपत नाही, मेटफॉर्मिन चालू आहे तोवर बी-१२ही चालू ठेवावं लागतं. पण म्हणून मेटफॉर्मिन आपल्या मनानं बंद करू नका. आणि नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका. त्यानं रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि मज्जातंतूचं नुकसान मात्र मागच्या दारानं चालूच राहतं.

व्हिटॅमिनांबद्दल आणखी एक. 'नसांची ताकद' म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्या-इंजेक्शनांमध्ये बी-६ भरपूर असतं. तेच बी-६ महिनोन्‌महिने जास्त प्रमाणात गेलं तर स्वतःच मज्जातंतू खराब करतं. बाबा काय काय घेतायत त्या सगळ्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवा.

बाकीची कारणं भराभर सांगतो, तुमच्या डॉक्टरांनी ती एकदा नजरेखालून घालावीत: थायरॉईड, किडनी, दारू (हा प्रश्न मुलीसमोर विचारू नये, खरं उत्तर मिळत नाही), टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनायाझिड, केमोथेरपीची काही औषधं. बाबांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात काम केलं असेल तर कोणत्या द्रावणांशी संबंध आला तेही विचारा. हेक्झेन असलेल्या गोंद-सॉल्व्हंटच्या वाफेनं मज्जातंतू जातात.

आणि एक नाव, ते घेतलं की घरात शांतता पसरते: कुष्ठरोग. २००५च्या अखेरीस देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी प्रमाण आलं म्हणून 'निर्मूलन' जाहीर झालं, त्यामुळे लोकांना वाटतं तो संपला. ठाणे-पालघर-रायगड पट्ट्यात आजही नवे रुग्ण सापडतात, आणि ते सोसायटीत राहणारेही असतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर घाम नाही, स्पर्श नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दोरीसारखा जाड झालेला मज्जातंतू हाताला लागतो. करंगळीकडची दोन बोटं वाकू लागतात. उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने. लवकर सुरू केले तर बोटं वाचतात. लाजेपायी दोन वर्षं घालवलेला तरुण मी पाहिला आहे, आजार बरा झाला, पण वाकलेली बोटं तशीच राहिली.

तपासण्यांमध्ये एनसीव्ही नावाची एक असते, विजेचे हलके झटके देऊन मज्जातंतूचा वेग मोजतात. उपयोगी आहे, पण ती फक्त जाड तंतू मोजते. आग आणि वेदना नेणारे बारीक तंतू तिला दिसत नाहीत. त्यामुळे आगीनं तळमळणाऱ्या माणसाचा एनसीव्ही 'नॉर्मल' येऊ शकतो, आणि मग घरचे म्हणतात की मनाचे खेळ आहेत. तसं नसतं. बाबांची कहाणी इतकी सरळ आहे की ती केलीच पाहिजे असंही नाही. एकाच बाजूला त्रास असता, झपाट्यानं वाढला असता किंवा ताकद गेली असती, तर मी आग्रह धरला असता.

उपचारांत दोन वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे नुकसान थांबवणं, दुसरं म्हणजे त्रास कमी करणं. प्रीगॅबलिन, गॅबापेन्टिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं दुसऱ्या कामाची. ती वेदनेचा आवाज कमी करतात, मज्जातंतू दुरुस्त करत नाहीत. बाबांची आग कमी झाली त्यामागे यातली एखादी गोळी नाही ना, ते बघा. प्रीगॅबलिननं गुंगी येते आणि पावलं सुजतात, मग सूज बघून कुणीतरी हार्टच्या तपासण्या लावतं. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. अमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते, म्हणून साठीनंतर मी जपून वापरतो. कोणतंही औषध थोड्या मात्रेनं सुरू करायचं, हळूहळू वाढवायचं, सहा-आठ आठवडे संधी द्यायची आणि एकदम तोडायचं नाही. वेदना निम्मी झाली तर मी त्याला यश म्हणतो. दर आठवड्याला डॉक्टर बदलणाऱ्यांना ते कधीच दिसत नाही. आणि डायक्लोफिनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या आगीवर जवळजवळ निरुपयोगी. डायबेटिसच्या माणसाची किडनी मात्र त्या बिघडवतात.

नुकसान थांबवण्याचं काम शुगरचं. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत टाइप १ डायबेटिसमध्ये शुगर कडक सांभाळल्यावर मज्जातंतूंचा विकार ६० टक्क्यांनी कमी झाला. टाइप २मध्ये, म्हणजे बाबांच्या प्रकारात, फायदा इतका मोठा नाही. तिथे वजन, चालणं, रक्तदाब, तंबाखू सगळंच मोजावं लागतं. पण घाईही नको. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी १२वर असेल आणि दोन-तीन महिन्यांत तो ७वर आणला, तर कधी कधी पायांची आग उलट भडकते. नवं इन्सुलिन सुरू केल्यावर 'इन्सुलिनमुळे पाय जळतायत' असं सांगत रुग्ण येतात ते यातलेच. काही महिन्यांत बहुतेकांचं शांत होतं, फक्त ते आधी सांगून ठेवायला हवं.

मेलेला मज्जातंतू परत वाढतो का? वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर, आणि तेही कारण दूर झालं तर. बी-१२च्या कमतरतेत लवकर पकडलं तर छान सुधारतं. जुन्या डायबेटिसमध्ये आहे ते टिकवणं हेच मुख्य काम.

म्हणून पाय सांभाळा. रोज रात्री तळपाय बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. पावसाळ्यात वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबलं की त्यातून चालत घरी येणारे माझे कितीतरी रुग्ण आहेत. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चिखल्यांमधूनच जंतू आत शिरतात. उन्हाळ्यात दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी चालायचं नाही. मे महिन्यात तळपायाला फोड घेऊन येणारे बहुतेक दर्शनाहूनच आलेले असतात. देवळाबाहेर चप्पल काढावीच लागते, तेव्हा सकाळी जा, किंवा जाड मोजे घाला. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवणं आणि गरम पाण्याची पिशवी, दोन्ही बंद. अंघोळीच्या पाण्याचा अंदाज घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. आई तूप लावून काशाच्या वाटीनं तळपाय घासत असतील तर हलक्या हातानं घासू देत, झोप चांगली लागते. वाटी काळी पडते ती तूप आणि धातू घासले गेल्यामुळे. उष्णता बाहेर पडली म्हणून रोगही निघाला असं मात्र नाही. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही आणि त्यावर औषधी पट्टीही लावायची नाही.

आता तो अपवाद, आणि त्याच्यासोबत धाव घ्यायच्या दोन-तीन गोष्टी. सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही पायांची ताकद जाऊ लागली, तर त्याच रात्री हॉस्पिटल. तिथे गादीच्या ऑपरेशनला उशीर चालत नाही. जुलाब किंवा ताप होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत पायांपासून वर चढणारा लुळेपणा आला तर तो गिया-बारे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटण्याचा आजार, असू शकतो. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला दूषित पाण्यामुळे त्याची साथ आली होती. त्यात श्वासाचे स्नायू दमतात, म्हणून मुंग्यांवरची गोळी घेऊन घरी वाट बघायची नाही. चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली आणि डोळाही मिटत नसेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या ७२ तासांत. चेहऱ्याबरोबर हात किंवा बोलणं गेलं असेल तर तो मेंदूचा झटका, तिथे साडेचार तासांचं घड्याळ चालू झालेलं असतं.

तुमच्या बाबांना यातलं काही नाही असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, त्यामुळे आज रात्री धावू नका. या आठवड्यात मात्र कुठल्याही नीट पाय तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्या, घणसोली-वाशीत जवळ असतील त्यांच्याकडे. सोबत औषधांच्या पाकिटांचे फोटो, जुना बी-१२, एचबीए१सी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), टीएसएच (थायरॉईडची) आणि एमआरआयची फक्त रिपोर्टची पानं. दवाखान्यात जायचं म्हणून त्यांना नवे बूट घालू नका. रोजची, झिजलेली चप्पल घालूनच न्या, आणि निघण्यापूर्वी ती एकदा उलटी करून बघा.